गाठवणारीचं नाव

खऱ्या सोन्याचं मला कधी फारसं कौतुक वाटलं नाही. सोनं कुणाच्याही हातात सोनंच राहतं. पितळेचा दागिना व्हायचा तर मध्ये एक माणूस लागतो, आणि तो माणूस जरा कमी पडला की पितळ लगेच पितळ दिसायला लागतं. म्हणून मी जुने खोटे दागिने जमवत असे. अर्थात हे कारण मला फार नंतर सुचलं. त्या काळात कुणी विचारलं असतं तर खरे परवडत नाहीत म्हणून, असं मी सांगितलं असतं, आणि तेही खोटं नव्हतं.

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा खाडीवरचा पूल नवा होता. शहराला नकाशा होता, पण म्हातारी माणसं नव्हती. रस्त्याच्या कडेला जाळीच्या पिंजऱ्यांत काठ्या उभ्या केल्या होत्या, त्यांना झाडं म्हणायचं असं ठरलं होतं. मी सकाळच्या शाळेत ग्रंथपाल होते आणि नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होता. मी आणलेली पुतळ्यांची माळ हातात घेऊन तो मुलाम्याची जाडी किती असेल ते सांगायचा. कलेच्या प्रांतातलं त्याचं योगदान तिथेच संपायचं.

दागिने मिळायचे ते भंगारवाल्यांकडून, गिरगावातल्या नाटकाचं सामान भाड्याने देणाऱ्या एका मोडकळीला आलेल्या दुकानातून, आणि आसपासच्या गावांतून. शिरवण्याच्या एका आजीने मला गिलिटाची ठुशी दिली.

"खोटी हाय, बाय," ती म्हणाली. "पन लग्नान हीच घातलेली. खरी सासूच्या गल्यान व्हती."

"मग खरी कधी मिळाली?"

"सासू गेली तवा. तवर माझाच गला सुरकुतला."

अशी वस्तू घरी आली की मी ती मऊ फडक्याने पुसून, बटरपेपरात गुंडाळून मिठाईच्या खोक्यात ठेवायची आणि तिचं कार्ड करायची. शाळेतलीच कोरी कार्डं, हे आता कबूल करायला हरकत नाही. वस्तू, धातू, कुठून मिळाली, आणि शेवटची ओळ: करणारा. ती ओळ नेहमी रिकामी राहायची. खऱ्या दागिन्यावर निदान सोनाराचा शिक्का असतो. खोट्यावर कुणी आपलं नाव घालत नाही. मला तो अन्याय वाटायचा. ज्या पुस्तकाला लेखक नाही ते कपाटाच्या तळाला जातं, हे मी रोज पाहत होते. जगात नाव नसलेली माणसं आहेत आणि त्यांना नाव मिळवून देणं हे आपल्यासारख्या वाचणाऱ्या माणसाचं काम आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटत असे. प्रामाणिकपणाने माणूस किती नुकसान करू शकतो याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आमच्या सेक्टरच्या बाजारात बांगड्यांचं आणि इमिटेशनचं एक दुकान होतं. पुलापलीकडे बसने नोकरीला जाणाऱ्या बायका खरं मंगळसूत्र कपाटात ठेवून खोटं गळ्यात घालून निघत, त्यामुळे दुकान बरं चालत होतं. मंगळसूत्र वाढलं, म्हणजे तुटलं, की बायका ते तिथेच देत आणि गाठवून येईपर्यंत गळ्यात हळदीचा दोरा बांधत. तुटलं हा शब्द मात्र कुणी उच्चारत नसे. मी एकदा काचेच्या मण्यांची जुनी तीनपदरी माळ तिथे गाठवायला टाकली. परत आली ती बघून मी खिडकीशी गेले. दोन मण्यांमध्ये दोरा कुठेही दिसत नव्हता, तिन्ही पदर अंगावर एका श्वासात पडत होते, आणि दोऱ्याची टोकं कापून न टाकता परत फिरवून मण्यांच्या आत दडवली होती.

मी दुकानदाराला विचारलं, "कोण गाठवतं हो?"

"घरीच, ताई. मिसेस करते."

मिसेस गल्ल्याशी बसल्या होत्या. त्यांची नखं इतकी लांब होती की त्यांना सुट्टे पैसे उचलता येत नव्हते.

पुढे महिन्याभरात आमच्याच जिन्यात एक स्टीलचा डबा पडला आणि काळे मणी तीन मजले खाली धावत गेले. वरच्या मजल्यावर भावाकडे राहणाऱ्या एक बाई होत्या, सगळे त्यांना काकू म्हणत. मी दार उघडलं तर त्या पायरीवर बसून मणी वेचत होत्या आणि मण्यांच्या मध्ये सोनेरी वाट्यांच्या दोन-चार जोड्या पडल्या होत्या.

मीही वेचायला बसले. "काकू, दुकानातलं काम तुम्ही करता?"

"आधी मणी बघ. पायाखाली जातील." मग डब्याला झाकण लावून त्या म्हणाल्या, "चल वर. चहा टाकते. जिन्यात कशाला?"

काकूंचे यजमान पटवेकरी होते. भुलेश्वरात सराफांच्या पेढ्यांबाहेर फळीवर बसून ते दागिने गाठवून देत. एका खोलीच्या संसारात काकू बघून बघून शिकल्या, मग त्यांच्या बरोबरीने करायला लागल्या. यजमान गेल्यावर खोली गेली, आणि काकू भावाच्या नव्या फ्लॅटवर आल्या. गॅलरीच्या दाराशी त्यांची एक चटई असे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, त्याला मेण ओढून त्या मणी भरत. सुई वापरत नसत. दोऱ्याच्या टोकाला डिंक लावून तेच टोक सुईसारखं कडक करत. दुपारी शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. अशी तीन वर्षं गेली.

मी माझी खोकी वर नेऊन दाखवायची. काकू माळ हातात घेऊन डोळे जवळजवळ मिटत आणि बोटांनी वाचत.

"हा डावखुरा होता."

"कशावरून?"

"पीळ बघ ना. उलटा आहे." दुसरी माळ उचलून त्या म्हणत, "ही बाईने गाठवलीय. पुरुष इतका दोरा वाचवत नाही."

मी घरी येऊन कार्डावर शेवटच्या ओळीत 'डावखुरा' असं लिहिलं. काकूंना ते सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होत्या.

त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती असं नाही. वाईच्या पलीकडे सासरचं गाव होतं. दीर होते, जाऊ होती, शेत होतं. दीर दर दिवाळीला पत्र पाठवून बोलवत.

"चांगली माणसं आहेत," काकू म्हणत. "मला बसवून खायला घालतील. तेच नको. इथे मी भावजयीच्या हातात दर महिन्याला काही ठेवते, म्हणून या चटईवरून मला कुणी ऊठ म्हणत नाही. काम गेलं की मी पाहुणी."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला ते माहीत होतं. पुढचं लिहिताना हे विसरू नये म्हणून इथेच लिहून ठेवते.

एका संक्रांतीला आमच्या महिला मंडळाने हळदीकुंकवाला जोडून प्रदर्शन भरवायचं ठरवलं. नाव होतं 'स्त्रीधन: परंपरा आणि प्रगती'. त्यात प्रगतीच्या बाजूला एका सभासदाच्या दिराने परदेशातून आणलेला मिक्सर होता. परंपरेची बाजू रिकामी होती, म्हणून अध्यक्षबाई माझ्याकडे आल्या. असल्या समारंभांची मी इतकी टिंगल केली होती की नाही म्हणणं मला शोभलं असतं. मी एक कप चहा होईपर्यंत नाही म्हटलं. मग रात्री जेवणानंतर टेबलावर पसारा मांडून चांगल्या अक्षरात कार्डं लिहायला बसले.

काकूंनी गाठवलेलं एक मंगळसूत्र माझ्या संग्रहात होतं. खोट्या वाट्यांचं, पण मण्यांची पोत अशी की ते मी दुकानातून मुद्दाम विकत घेतलेलं. त्याच्या कार्डावर शेवटची ओळ मला पहिल्यांदाच पुरी भरता येणार होती. मी वर जाऊन काकूंना विचारलं.

"माझं नाव कुठे घालू नकोस गं," त्या दोरा ओढता ओढता म्हणाल्या. "बरं दिसत नाही."

"का? एवढं काम करता, लोकांना कळायला नको?"

"लोकांना काय करायचंय?"

मला तो विनय वाटला. मोठा कारागीर असाच असतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. त्या मला धंद्यातली साधी खबरदारी सांगत होत्या, हे एवढी पुस्तकं वाचूनही माझ्या डोक्यात आलं नाही. मी खाली येऊन काकूंचं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याखाली: 'आपल्या परिसरातील अनेक भगिनींची मंगळसूत्रे यांच्याच हातची आहेत.' भगिनी हा शब्द मी एरवी वापरत नाही. समारंभ चावतो तो असा.

सभागृहात अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ. प्रमुख पाहुण्या आल्या, त्यांना शाल-श्रीफळ दिलं, त्यांनी स्त्रीशक्तीवर भाषण केलं आणि मिक्सर चालवून बघितला. मग बायका माझ्या टेबलाशी आल्या. आमच्याच इमारतीतल्या एकीने कार्ड वाचलं. वाचता वाचता तिचा हात आपल्या गळ्याशी गेला.

"म्हणजे दुकानात टाकतो ती... वरच्या काकू गाठवतात?"

"हो," मी म्हणाले. अभिमानाने म्हणाले.

"दुकानदार तर म्हणतो त्याची बायको करते."

"त्याच्या बायकोची नखं बघितलीत का?"

कुणी हसलं नाही. दुसरी पुढे आली. "पण काकूंचे मिस्टर नाहीत ना?"

"नाहीत. त्यांच्याकडूनच शिकल्या त्या."

"अहो, पण मंगळसूत्र," ती हळू आवाजात म्हणाली, जणू मी त्या वस्तूचं नाव विसरले होते.

एवढ्यात आणखी एकीला आठवलं की पावसाळ्यात तिने मंगळसूत्र गाठवून आणलं आणि पंधरा दिवसांत तिच्या नवऱ्याला कावीळ झाली. त्या वर्षी आमच्या सेक्टरमध्ये पाण्याच्या पाइपात गटार मिसळत होतं आणि निम्म्या घरांत कावीळ होती. पण त्या क्षणी पाइपाचं कुणाला सुचलं नाही.

अध्यक्षबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, माझा स्वतःचा विश्वास नाही हं असल्या गोष्टींवर. पण सासूबाईंना कळलं तर..." पुढच्या अर्ध्या तासात हेच मला सात-आठजणींनी सांगितलं. त्या सभागृहात एकही बाई अंधश्रद्धाळू नव्हती. प्रत्येकीच्या घरी फक्त एक सासू होती.

मी कार्ड उलटं ठेवलं. घरी येऊन खोकी खाली ठेवताना मला पहिल्यांदा लक्षात आलं की काकू प्रदर्शनाला आल्याच नव्हत्या. येणार कशा? ते हळदीकुंकू होतं. करणाऱ्यांना मान मिळावा म्हणून मी मांडलेल्या टेबलाशी, हयात असलेल्या एकुलत्या एका करणारीला येता येत नव्हतं, आणि तीन आठवड्यांच्या तयारीत मला हे सुचलं नव्हतं.

आठवड्याभरात दुकानातून डबा यायचा बंद झाला. मी दुकानदाराला गाठलं. तो माणूस वाईट नव्हता.

"मी काय करू, ताई? बायका येऊन काउंटरवरच विचारतात, कुणाचा हात आहे. दोरा कोण बघतो? चार वर्षं माझं आणि काकूंचं नीट चाललं होतं. तुम्ही बोर्ड लावला."

काकूंकडे जायला मला दोन दिवस लागले. त्या चटईवर बसल्या होत्या, हात मांडीवर. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी सांगितलं होतं तुला."

"मला कळलं नाही, काकू."

"अगं, मला का कळत नाही लोकांचं? म्हणून तर शेवटची गाठ मी मारत नव्हते."

मला अर्थ लागेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. यजमान गेल्यापासून मंगळसूत्राची सगळी पोत त्या भरत, वाट्या बसवत, दोऱ्याची टोकं तयार करत, पण शेवटची गाठ न मारता तसंच दुकानात पाठवत. ती गाठ, नखं सांभाळत का होईना, दुकानदाराची बायको मारायची. सवाष्णीच्या हाताने पुरं होऊ दे, असा त्यांनी स्वतःशी केलेला नेम होता. दुकानदाराने तो मागितलाही नव्हता.

मला वाटलं, सापडलं. त्याच संध्याकाळी मी दारोदार निघाले. घंटी वाजवायची, आत बसायचं, चहाला हो म्हणायचं आणि शेवटच्या गाठीचं सांगायचं. बायकांनी नीट ऐकून घेतलं. चौथ्या घरातल्या बाईने बशी खाली ठेवली.

"म्हणजे त्यांना स्वतःलाही माहीत होतं," ती म्हणाली, "की आपला हात चालत नाही."

मी उठले. पाचव्या घरी गेले नाही. मी बचाव म्हणून जे घेऊन फिरत होते त्याचा कबुलीजबाब झाला होता, आणि तोही माझ्याच तोंडून.

काकूंना काम मिळावं म्हणून मी माझ्याच संग्रहातल्या चांगल्या धडधाकट माळा सोडवून त्यांच्याकडे गाठवायला नेल्या. दोन वेळा त्यांनी करून दिल्या. तिसऱ्या वेळी माळ हातात घेऊन माझ्याकडे बघितलं.

"ही मीच गेल्या महिन्यात गाठवलेली. कात्रीने कापलीस ना?"

मी मान खाली घातली.

"किती दिवस कापशील? ने परत. मणी उगाच झिजतात."

त्यांच्या घरात कुणी त्यांना काही बोललं नाही. भावजय मला जिन्यात भेटली तेव्हा तिने हे आवर्जून सांगितलं. फक्त गॅलरीच्या दाराशी शिलाई मशीन आलं, मग चटई आतल्या खोलीत गेली, आणि आतल्या खोलीत उजेड नव्हता. चैत्रात दिरांचं पत्र आलं, त्याला काकूंनी पहिल्यांदा होकार कळवला. पनवेलला एसटीवर मी त्यांना सोडायला गेले. सामान म्हणजे एक ट्रंक आणि पिशवी. मेणाचा गोळा त्यांनी घेतला नव्हता.

त्यानंतर मी कार्डांवरची शेवटची ओळ लिहिणं सोडून दिलं. काकूंचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही. उशिराचा शहाणपणा आहे, पण आहे.

दोन वर्षांनी वाईला एका लग्नाला गेले होते, तिथून मी त्यांच्या गावी गेले. घर ऐसपैस होतं. जाऊबाईंनी स्वागत केलं, आणि पहिलं वाक्य होतं, "आम्ही यांना काही म्हणता काही करू देत नाही." त्या चहा टाकायला आत गेल्या. काकू ओट्यावर बसल्या होत्या. अंगाने भरल्या होत्या, आणि हात स्वच्छ, मऊ दिसत होते. अंगठ्यावरचा दोऱ्याचा वळ गेला होता.

"दुकानात आता कोण गाठवतं?" त्यांनी विचारलं.

"मिसेस. नखं कापली त्यांनी."

"ढिलं गाठवत असेल ती. ताण कळत नाही तिला." मग थोडं थांबून, "शिकेल. दोन वर्षं लागतात."

बोलता बोलता त्यांचा हात माझ्या गळ्याशी आला. वैद्याने नाडी बघावी तसे त्यांनी मंगळसूत्राचे मणी एका टोकापासून बोटांतून सरकवत नेले. मानेच्या मागच्या बाजूला बोटं थांबली.

"इथे दोरा विरलाय. महिनाभर टिकेल, पुढे नाही."

"तुम्हीच द्या ना गाठवून. मी वाईहून दोरा आणते. आज मुक्काम करीन."

"दोरा काय, कुठेही मिळेल गं," त्या म्हणाल्या. "बसायला जागा नाही."

ओटा वीस माणसं सहज बसतील एवढा होता. आतून कपबश्यांचा आवाज आला तसा त्यांनी हात काढून पदराखाली घेतला, आणि जाऊबाई चहा घेऊन येईपर्यंत आम्ही दोघी यंदा ऊस कसा आहे त्याबद्दल बोलत राहिलो.